पांदणीवरचा दुसरा गिअर

आर्वीहून वर्धा नदीच्या अंगाला निघालं की डांबरी रस्त्याला जागोजाग पांदणी फुटतात. दोन्हीकडे धुरे, मधे बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि खाली खोल काळी माती. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की तीच माती फुगून येते. तिच्यातल्या चिकणखनिजाच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि कडक ढेकळांचा चिकट लगदा होतो. ओल धरून ठेवण्याच्या ज्या गुणावर इथली कपाशी आणि तूर तगते, त्याच गुणामुळे चाक रुततं.

अशा दिवसांत पांदणीतून येणारी मोटरसायकल दिसायच्या आधी ऐकू येते. मागे दुधाची कॅन नाहीतर फवारणीचा पंप बांधलेला, गाडी शंभर सीसीची, आणि इंजिन पहिल्या गिअरमध्ये जिवाच्या आकांतानं ओरडत असतं. दुसरा गिअर टाकला तर इंजिनाला उसंत मिळेल, पेट्रोल वाचेल, मागचं चाक जागच्या जागी फिरणं कमी होईल. तरीही चालवणारा तो टाकत नाही. टाकायला गेलं की गाडी मरते, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं.

या प्रकरणाचा विषय तो दुसरा गिअर आहे. मातीत झटपट गिअर बदलता येणं ही शर्यतीतल्या पोरांची हौस, असा सर्वसाधारण समज दिसतो. मला ती शेतरस्त्यानं गाडी नेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची विद्या वाटते. ती शिकता येते, आणि ती शिकण्यासाठी महागडी डर्ट बाइक लागत नाही. एवढंच की पाय जोरात मारून ती येत नाही. गिअर पडतो पायानं, पण तो लवकर पडावा याची सोय उजवा हात करतो.

आधी मातीचा हिशोब पाहू. गिअर बदलताना काही क्षण इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. क्लच दाबलेला असतो, रेस सोडलेली असते आणि गाडी आधीच्या वेगावर नुसती घरंगळत असते. चांगल्या डांबरावर चाकाला होणारा विरोध गाडी आणि स्वार यांच्या वजनाच्या दीड-दोन टक्के भरतो. तिथं अर्धा सेकंद ताकद तुटली तर वेग ताशी पाव ते अर्धा किलोमीटरनं कमी होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. ओल्या, भुसभुशीत मातीत हाच विरोध वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत सहज जातो. मग वेग दर सेकंदाला ताशी 7 किलोमीटरनं घटू लागतो, म्हणजे अर्ध्या सेकंदात साडेतीन. नाल्यातून वर येणारा दहाला एक असा चढ असेल तर अर्ध्या सेकंदात पाच किलोमीटर गेलेच. ताशी 15 नं चाललेली गाडी गिअर पडेपर्यंत 10 वर आलेली असते.

आता इंजिनाकडून पाहा. शंभर सीसीच्या नेहमीच्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर तीनच्या आसपास आणि दुसऱ्याचं दोनच्या थोडं खाली असतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते 3700 च्या जवळ येतं. हे अंतर खालच्या दोन गिअरांमध्ये सगळ्यात मोठं असतं. पुढे दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असं ते कमी होत जातं. त्यात गाडीचा वेगच एक-तृतीयांश गळाला, तर दुसरा गिअर लागेपर्यंत इंजिन 2500 वर पोचतं. तिथं लहान इंजिनात दम नसतो. ते धापा टाकतं, दोन झटके देतं आणि बंद पडतं. गुन्हा दुसऱ्या गिअरचा नसतो, त्याच्यापर्यंत पोचायला लागलेल्या अर्ध्या सेकंदाचा असतो.

तो अर्धा सेकंद कुठं जातो, हे कळायला गिअरबॉक्स उघडून पाहिला पाहिजे. गॅरेजमध्ये कधी इंजिनाचं काम निघालं असेल तर दहा मिनिटं थांबून तो जरूर पाहावा.

आत दोन समांतर शाफ्ट दिसतात आणि त्यांच्यावर दातेरी चाकांच्या जोड्या. चार गिअरच्या गाडीत चार जोड्या, पाचच्या गाडीत पाच. या सगळ्या जोड्या सदासर्वकाळ एकमेकांत गुंतलेल्या असतात. गिअर टाकला म्हणजे एका चाकाचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत गेले, असं आपण धरून चालतो, पण मोटरसायकलमध्ये तसं होत नाही. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टबरोबर फिरतं आणि दुसरं शाफ्टवर मोकळं फिरत असतं. त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडलं की तो गिअर लागला. जखडण्याचं काम चाकांच्या बगलेला असलेले बोटाच्या पेराएवढे ठोकळे करतात. कारागीर त्यांना डॉग म्हणतात. शेजारचं चाक शाफ्टवर काही मिलिमीटर सरकतं आणि त्याचे डॉग मोकळ्या चाकाच्या खाचांत जाऊन बसतात. गिअर टाकल्यावर जो ‘खट्’ आवाज येतो, तो हाच.

चाक सरकवायला फोर्क असतात. फोर्कच्या पिना एका दंडगोल ड्रमवरच्या नागमोडी खाचांत बसवलेल्या असतात. पायाची लिव्हर हलली की ड्रम थोडासा फिरतो, खाच वळते आणि फोर्क डावी-उजवीकडे सरकतो. लिव्हर एकदा दाबली की ड्रम एकच घर पुढे जातो. कितीही दाबून धरा, दुसरं घर येत नाही. हा बंदोबस्त बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कंपनीत हॅरोल्ड विलिस यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस केला. त्याआधी बहुतेक गाड्यांना गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीशेजारी असे. 29 मार्च 1924 रोजी इंग्लंडात कॅम्बर्लीजवळच्या माळरानावर पहिली ‘स्क्रॅम्बल’ झाली. आजच्या मोटोक्रॉसची सुरुवात ती मानली जाते. त्या खाचखळग्यांतून धावताना गिअर बदलायचा तर हँडलवरचा एक हात काढण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर नव्हतं. विलिस यांच्या युक्तीनं तो हात पुन्हा हँडलवर आला. मातीत गाडी चालवणाऱ्यावर याहून मोठे उपकार फार थोड्यांनी केले असतील.

आता मुख्य मुद्दा. इंजिन गाडी ओढत असतं तेव्हा डॉग एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. गिअर आपोआप सुटू नये म्हणून अनेक गाड्यांत त्यांच्या कडा किंचित तिरप्या घासलेल्या असतात, त्यामुळे जोर आला की ते एकमेकांना आणखीच ओढून धरतात. अशा वेळी लिव्हरवर सगळा जीव लावला तरी ते हलत नाहीत. रेस सोडली की हा दाब जातो. पण रेस सोडून आपण वाट पाहत बसलो तर उलटा खेळ सुरू होतो. आता मागचं चाक इंजिनाला ढकलू लागतं आणि डॉग दुसऱ्या अंगानं घट्ट होतात. ओढण्याचा दाब संपला आहे आणि ढकलण्याचा दाब अजून सुरू झालेला नाही, एवढ्याच सांध्यात डॉग मोकळे असतात. सरकायचं ते तेवढ्यात.

हा क्षण इतका छोटा आहे की तो आल्यावर पाय हलवू म्हटलं तर उशीर होतो. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. लिव्हरवर दाब आधी द्यायचा आणि रेस मागाहून सोडायची. लिव्हर वर उचलून गिअर पडणाऱ्या गाडीत बुटाचा वरचा भाग लिव्हरखाली घालून ती हलकेच वर उचलून धरली की तिच्यातला मोकळा खेळ संपतो, पायाला ती टणक लागते, पण गिअर पडत नाही, कारण आत डॉग दाबाखाली अडकलेले असतात. मग उजवं मनगट पुढं झटकायचं. रेस पुरती बंद करायची गरज नाही, इंजिनाचा सूर क्षणभर उतरला पाहिजे एवढंच. त्याच वेळी क्लचवरची एक किंवा दोन बोटं लिव्हर थोडीशी ओढतात, पुरी नाही. दाबून ठेवलेला पाय आपल्या आपण वर जातो, ‘खट्’ होतं आणि मनगट पुन्हा मागं येतं. नीट जमलं की पायानं काही केलं असं वाटतच नाही. सराईत हाताला हे सगळं पाव सेकंदाच्या आत जमतं. नवखा माणूस मात्र रेस बंद, मग क्लच, मग पाय, मग क्लच सोडणं, मग रेस अशी पाच कामं एकामागून एक करतो आणि त्यात सहज एक सेकंद घालवतो. त्याची प्रत्येक हालचाल हळू असते असं नाही. कामं रांगेत लावल्यामुळे वेळ जातो.

शर्यतीच्या आणि महाग रस्त्यांच्या गाड्यांवर हल्ली क्विकशिफ्टर येतो. लिव्हरवरचा दाब त्याला कळतो आणि तो काही शतांश सेकंद इंजिनाची ठिणगी तोडतो. दाब आधी, ताकद तोडणं मागाहून, असा तोच क्रम तिथं यंत्राच्या स्वाधीन केलेला आहे.

क्लच अजिबात न धरता वरचा गिअर टाकता येतो का, असं पोरं हमखास विचारतात. येतो, वरच्या विवेचनावरून कारणही दिसतं. पण पहिल्याहून दुसरा टाकताना हे टाळावं, असं माझं मत आहे. तिथं दोन चाकांच्या फिरण्यातला फरक सगळ्यात जास्त असतो आणि डॉगच्या कडा त्या धक्क्यानंच गोल होतात. तिसऱ्या-चौथ्याला हरकत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघणाऱ्या जावा आणि पुढे येझदी या गाड्या ज्यांच्या घरी होत्या, त्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. 1961 ते 1996 अशी पस्तीस वर्षं तो कारखाना चालला. त्या गाड्यांत गिअरची लिव्हर आणि किक एकच असे, आणि लिव्हर दाबली की आतल्या आत क्लचही सुटे. डाव्या हाताला आराम मिळे. फक्त रेस कधी सोडायची ते चालवणाऱ्याला कळावं लागे.

आर्वीसारख्या भागातला माणूस शंभर सीसीवरून डर्ट बाइककडे वळतो, तेव्हा त्याला हात-पायांइतकंच सवयीशी झगडावं लागतं. आपल्याकडच्या चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत चारही गिअर चवडा पुढं दाबून पडतात आणि टाच मागं दाबली की उतरतात. न्यूट्रल एका टोकाला असतो. या टाच-चवड्याच्या लिव्हरला इथं तोड नाही, कारण चप्पल घालून गाडी चालवणाऱ्या माणसाला अंगठ्याच्या वरच्या बाजूनं लिव्हर उचलायला लावणं म्हणजे त्याचं बोट सोलून काढणं आहे. डर्ट बाइकला टाचेची लिव्हर नसते. तिथं फूटपेगवर उभं राहून चालवायचं असतं, आणि उभं राहिल्यावर टाच खाली जाते, ती नको तेव्हा लिव्हरवर पडेल. म्हणून एकच टोक. पहिला खाली दाबून, बाकीचे वर उचलून, आणि न्यूट्रल पहिल्या व दुसऱ्याच्या मधोमध.

सगळी गोम या न्यूट्रलमध्ये आहे. जुन्या सवयीत पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये काही नसतं. नव्या गाडीत पाय अर्धवट उचलला गेला की चढावर न्यूट्रल लागतो, इंजिन मोकळं होऊन किंचाळतं आणि गाडी मागं यायला लागते. वास्तविक न्यूट्रलचं घर ड्रमवर मुद्दाम उथळ केलेलं असतं, पूर्ण उचललेला पाय त्यावरून सरळ पुढं जातो. अडतो तो बिचकत उचललेला पाय. तेव्हा पहिल्याहून दुसऱ्याला जाताना लिव्हर तिच्या शेवटच्या टोकापर्यंत न्यायची आणि ‘खट्’ ऐकू येईपर्यंत तिथंच धरायची. लाथ मारायची गरज नाही. दम धरून पूर्ण उचललेली लिव्हर झटक्यानं अर्धी उचललेल्या लिव्हरपेक्षा केव्हाही लवकर काम करते. जुन्या बुलेटवाल्यांना याच्या उलट अडचण होती. तिचे गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, न्यूट्रल सापडता सापडत नसे. म्हणून कंपनीनं तो शोधायला शेजारी एक वेगळी छोटी लिव्हरच दिली होती.

2019 मध्ये हिरोनं एक्सपल्स 200 बाजारात आणली, तेव्हा लाखाच्या आतबाहेर मातीवर चालण्यासाठी बांधलेली गाडी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर, पाच गिअर. पुढचा मडगार्ड चाकापासून उंच उचललेला. काळ्या मातीच्या मुलखात ही शोभेची बाब नाही. शंभर सीसीच्या गाडीत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. पावसाळ्यात पुढचा मडगार्ड काढून ठेवणारे शेतकरी त्यामुळेच दिसतात. या गाडीचा सगळ्यात जास्त जोर 6500 फेऱ्यांच्या आसपास मिळतो. डांबरावर 4000 ला गिअर बदलायची सवय लागलेल्या माणसाला तो जोर कधी भेटतच नाही. मातीत दुसरा टाकण्याआधी पहिल्यात इंजिनाला त्याच्या पुऱ्या जोराजवळ नेलं पाहिजे, म्हणजे फेरे पडल्यावरही हाती काही उरतं.

शिकायला सुरुवात करण्याआधी गाडी नीट लावून घ्यावी. माझ्या मते निम्मा वेळ इथंच वाचतो आणि याकडे कुणी बघत नाही. क्लचच्या लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर खेळ असावा. त्याहून जास्त असेल तर बोटानं थोडं ओढून क्लच सुटत नाही, कमी असेल तर तो सुटलेलाच राहतो आणि प्लेटा घासतात. लिव्हर मुठीच्या एवढ्या जवळ आणि एवढ्या खाली फिरवावी की उभं राहिल्यावर मनगट सरळ राहील. गिअरची लिव्हर दातेरी शाफ्टवर बसवलेली असते. बोल्ट ढिला करून ती काढता येते आणि एक-दोन दाते वर-खाली सरकवून पुन्हा बसवता येते. जाड बूट घालणाऱ्यानं ती एक दाता वर घ्यावी, नाहीतर बूट तिच्याखाली शिरतच नाही. चेन फार सैल असेल तर रेस सोडताना आणि देताना झटका बसतो आणि गिअरचा तो नाजूक सांधा हुकतो. तेलाचंही तसंच आहे. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारीसाठी बनवलेल्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती प्लेटांवर गेली की क्लच घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ असं छापलेलं पाहून घ्यावं.

सराव कुठं करायचा? आर्वीची यात चांगली सोय आहे. नदीकडची माती खोल आणि काळी, कारंजा-आष्टीच्या बाजूला संत्र्याच्या बागा ओलांडून टेकड्यांकडे गेलं की मुरूम आणि भरड. शिकायला मुरमाची जमीन घ्यावी. तिथं चाक थोडं सुटतं, पण रुतत नाही, त्यामुळे चूक झाली तर लगेच कळते आणि गाडी पडत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात शिकू नये. आणि सोयाबीन निघालं म्हणून कुणाच्या मोकळ्या वावरात गाड्या घालू नयेत. ओलसर काळी माती चाकाखाली दाबली गेली की कडक होते, हरभरा पेरणाऱ्याला ती पुन्हा मोकळी करावी लागते. धुऱ्यालगतची पडीक पट्टी पुरते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गिअरची गाडी दिली आणि त्यानं ती रस्त्यावर आणून गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वाढदिवसाला गाडी भेट देणाऱ्या वडिलांना हे सहसा माहीत नसतं. हेल्मेट आणि घोट्याच्या वर येणारा बूट, हे तर पडीक पट्टीवरसुद्धा हवंच.

पहिले काही दिवस सपाटीवर बसून, फक्त दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करावं. त्यातही आधी क्लच नेहमीसारखा पूर्ण दाबून, फक्त लिव्हरवरचा आगाऊ दाब शिकायचा. तो अंगवळणी पडला की क्लचची ओढ हळूहळू कमी करत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर शरीर ती लवकर उचलतं. नजर लांब ठेवावी, मीटरकडे नाही. गिअर कधी टाकायचा ते कानानं ओळखायचं. मग हेच उभं राहून. उभं राहिल्यावर दोन्ही गुडघे टाकीला चिकटले पाहिजेत, कारण तोल हातांवर आला की रेस देणारं मनगट मोकळं राहत नाही आणि आधी सांगितलेला झटका देता येत नाही. पुष्कळांचा गिअर पायामुळे अडत नाही, हँडल घट्ट धरल्यामुळे अडतो. पहिला-दुसरा हा जोडा सगळ्यात शेवटी घ्यावा, छोट्याशा चढावर.

उतरत्या गिअरला निराळं कौशल्य लागतं आणि ते शिकवलं जात नाही. समोर नाला आला, वेग कमी करत दुसऱ्यावर यायचं आहे. नुसता गिअर पाडून क्लच सोडला की इंजिनाला एकदम खूप जास्त फेरे घ्यावे लागतात, ते मागच्या चाकाला आवळतं, आणि मुरमावर चाक जागीच अडकून गाडीचं बूड बाजूला फेकलं जातं. चालत्या बंडीवर चढायचं तर माणूस आधी दोन पावलं तिच्या वेगानं धावतो. इथं इंजिनाला तसंच धावायला लावायचं. क्लच ओढलेला असतानाच रेसला छोटासा पीळ द्यायचा, फेरे वर गेले की गिअर पाडायचा आणि क्लच अलगद सोडायचा. यात अडचण अशी की त्याच उजव्या हाताचं एक बोट पुढच्या ब्रेकवर असतं. ब्रेकचा दाब न बदलता मनगट फिरवता येणं हा वेगळा सराव आहे आणि त्याला महिने लागतात. तोपर्यंत सरळ मार्ग हा की ब्रेक आधी पुरा करावा, वेग उतरू द्यावा आणि मग गिअर पाडावा. नाल्याच्या तोंडाशी घाई करून काही मिळत नाही.

28 जानेवारी 2024 ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीचे उंचवटे रचलेल्या त्या मार्गावर देशोदेशींचे स्वार धावले. अशा शर्यतीत गेट पडतं तेव्हा अनेक स्वार थेट दुसऱ्या गिअरमध्ये सुटतात, पहिला वापरतच नाहीत. त्यांच्या इंजिनांत ताकद इतकी असते की पहिल्यात चाक नुसतं माती उडवील, आणि पहिला-दुसरा बदलातला वेळ वाचतो तो वेगळाच. पांदणीवर याचा अर्थ आपल्या परीनं लावता येतो. चिखलाचा पट्टा पुढं दिसतो आहे, तर त्याच्या अलीकडे, जमीन घट्ट असतानाच दुसरा टाकून घ्यावा आणि स्थिर रेसवर पट्टा पार करावा. वेग आत शिरताना हवा, आत गेल्यावर कमवता येत नाही. अडलंच तर क्लचला एका बोटाचा हलका झटका देऊन इंजिनाचे फेरे सावरावेत. अर्धा क्लच धरून मिनिटं काढू नयेत. त्यानं प्लेटा तापतात, रंग बदलतात, आणि मग कोरड्या डांबरावरही गाडी ओढ धरत नाही.

झटपट गिअरच्या नादात गाडीचं काय होतं, याचीही खूण ओळखता आली पाहिजे. दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की गाडी मधेच ‘सुटते’, क्षणभर न्यूट्रलसारखी मोकळी होते आणि पुन्हा धरते, असं होऊ लागलं की डॉगच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. क्वचित फोर्क वाकलेला असतो. सुरुवातीला हे चढावर, भर रेसवरच जाणवतं. लिव्हर पायानं धरून ठेवून दिवस ढकलता येतात, पण त्यानं फोर्कवर सतत दाब राहतो आणि तोही जातो. क्लच प्लेटा बदलायच्या तर बाजूचं झाकण काढून काम भागतं. डॉग बदलायला इंजिन उतरवून त्याचे दोन भाग सुटे करावे लागतात, आणि गिअरची जोडी बदलताना शेजारचा फोर्क व ड्रमची खाच तपासून घ्यावी लागते. खूण पहिल्यांदा दिसली त्याच आठवड्यात गाडी उघडली, तर बहुतेक वेळा एका जोडीवर निभावतं.